सात तलावांचा पाणीसाठा दाखवणारे इन्फोग्राफिक सर्वांना वाचता येईल असे कसे करावे?

मृणाल_भांडुप

नमस्कार. आमच्या परिसरातील काही गृहनिर्माण सोसायट्यांच्या महासंघासाठी मी मुंबईच्या पाणीसाठ्याविषयी एक इन्फोग्राफिक तयार करत आहे. जुलै उजाडला की दरवर्षी रहिवाशांकडून एकच प्रश्न येतो: बाहेर धो धो पाऊस पडतो आहे, तुळशी तलाव भरून वाहू लागल्याची बातमीही आली, मग पाणीकपात अजून का उठत नाही? या प्रश्नाचे उत्तर एका पानात मिळावे, ते पान लिफ्टशेजारच्या सूचनाफलकावर लागावे आणि तेच सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवरही जावे, अशी कल्पना आहे.

सध्याच्या आराखड्यात सात तलावांसाठी सात थेंब आहेत. प्रत्येक थेंब त्या तलावाच्या टक्केवारीइतका भरलेला दिसतो. साठा कमी असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळा आणि पुरेसा असेल तर हिरवा. खाली रंगांची सूची आणि बारीक अक्षरांत दशलक्ष लिटरमधील आकडे आहेत.

वाचणाऱ्यांमध्ये बरेच ज्येष्ठ नागरिक आहेत, लाल आणि हिरव्यात फरक न कळणारे एक गृहस्थ आहेत, गटावर एक दृष्टिहीन शिक्षिका आहेत, आणि इमारतींचे सुरक्षारक्षक व घरकामाला येणाऱ्या महिला यांनाही हे समजावे असे मला मनापासून वाटते, कारण पाण्याची वेळ बदलली की त्यांचा दिवस आधी बदलतो. बहुतेक सोसायट्या या पानाची साधी काळी-पांढरी झेरॉक्सच लावतील. थेंब ठेवावेत का, रंग कोणते घ्यावेत, मराठी अक्षरे किती मोठी असावीत आणि दृष्टिहीन वाचकांसाठी सोबत नेमके काय लिहावे, याविषयी जाणकारांनी सांगावे.

आलेख_दादर

मृणालताई, रंग आणि अक्षरे यांच्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी, ती म्हणजे हे चित्र कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे. रहिवाशांचा प्रश्न आपण स्पष्ट लिहिला आहे, पण सात थेंबांचे चित्र त्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. उलट त्या गैरसमजाला बळ देते.

कारण आकड्यांतच आहे. सातही तलावांची मिळून उपयुक्त साठवण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यात एकट्या भातसाचा वाटा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा. त्याखालोखाल अप्पर वैतरणा २,२७,०४७, मध्य वैतरणा १,९३,५३०, तानसा १,४५,०८० आणि मोडक सागर १,२८,९२५. शहराच्या हद्दीत असलेले दोनच तलाव, विहार २७,६९८ आणि तुळशी ८,०४६. या दोघांची बेरीज एकूण क्षमतेच्या अडीच टक्केही भरत नाही. मुंबईत कोसळणारा पाऊस या दोन लहान तलावांना भरतो. उरलेले पाच तलाव शहराबाहेर, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या परिसरात आहेत, आणि तिथे पाऊस पडल्याशिवाय शहराची चिंता मिटत नाही. आपल्याला दाखवायचे आहे ते हे, आणि सात सारख्या आकाराच्या थेंबांत नेमके हेच लपते, कारण तिथे तुळशी आणि भातसा एकाच मापाचे दिसतात.

एक उदाहरण करून पाहा. समजा तुळशी आणि विहार काठोकाठ भरले आहेत आणि बाकीचे पाच तलाव ३० टक्क्यांवर आहेत. सात थेंबांकडे पाहणारा माणूस मनातल्या मनात सरासरी काढतो आणि ती ५० टक्के येते. प्रत्यक्षातला एकूण साठा मात्र ३२ टक्क्यांहूनही कमी असतो. आकडा एकही खोटा नाही, तरी वाचकाच्या मनात उमटलेले चित्र चुकीचे आहे.

थेंबाच्या आकाराचीही अडचण आहे. थेंब वर निमुळता आणि खाली फुगीर असल्याने अर्ध्या उंचीपर्यंत भरला की क्षेत्रफळाने अर्ध्याहून बराच अधिक भरलेला दिसतो. यावर उपाय म्हणून थेंब क्षमतेप्रमाणे लहानमोठे करावेत असे वाटेल, पण उंची दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते, आणि डोळा क्षेत्रफळांची तुलना मुळातच ढोबळपणे करतो. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसले होते: समान रेषेवरून मोजलेली लांबी माणूस सर्वांत अचूक वाचतो, कोन आणि क्षेत्रफळ त्याहून बरेच कमी अचूकपणे.

म्हणून माझा सल्ला साध्या आडव्या स्तंभालेखाचा आहे. सातही स्तंभ एकाच डाव्या रेषेपासून सुरू करावेत, शून्यापासून. प्रत्येक स्तंभाची पूर्ण लांबी म्हणजे तलावाची क्षमता आणि त्याचा भरीव भाग म्हणजे आजचा साठा. भातसाचा स्तंभ १८ सेंटिमीटर घेतला तर तुळशीचा जेमतेम २ मिलिमीटर येईल. तो २ मिलिमीटरचा तुकडा पाहून लोकांना जे कळेल, ते परिच्छेदभर लिहूनही कळणार नाही. पुष्कळ जण अशा वेळी लहान स्तंभ 'दिसावा' म्हणून जरा लांब करतात. तसे कृपया करू नका.

स्तंभ आडवेच हवेत, याला मराठीपुरते आणखी एक कारण आहे. 'मध्य वैतरणा', 'मोडक सागर' ही नावे उभ्या स्तंभाखाली मावत नाहीत, मग ती तिरकी लिहावी लागतात, आणि तिरक्या शिरोरेषेखाली मात्रा-वेलांट्या वाचणे ज्येष्ठांना फार कठीण जाते. क्रम वर्णानुक्रमे नको, क्षमतेनुसार उतरता ठेवा. शीर्षकात विषयाऐवजी थेट उत्तर लिहा. 'मुंबईचा पाणीसाठा' असे लिहिले तर वाचकाला काहीच मिळत नाही; 'शहरातले दोन तलाव भरले तरी पाणी अडीच टक्केच, निम्मी क्षमता एकट्या भातसात' असे लिहिले तर घाईत लिफ्टमध्ये शिरणाऱ्यालाही मुख्य गोष्ट कळते.

शिरोरेषा

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. रंग आणि अक्षरांबद्दल लिहितो.

लाल, पिवळा, हिरवा ही तिकडी सोडून द्यावी. लाल-हिरव्यातला फरक न कळण्याचा दोष बहुधा एक्स गुणसूत्रावरून येतो, त्यामुळे तो पुरुषांत स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. आपल्याला ठाऊक असलेले गृहस्थ एक असले तरी इतक्या सोसायट्यांत ते एकटे नसणार. शिवाय झेरॉक्समध्ये रंग जातो आणि फक्त उजेड-अंधार उरतो. म्हणून रंगाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट आकाराने, शब्दाने किंवा आकड्यानेही सांगितलेली असावी. मेट्रोच्या नकाशावर मार्गिकेला रंगाबरोबर क्रमांकही असतो. निळी, पिवळी, लाल यांतला भेद ज्याला दिसत नाही तो १, २अ आणि ७ वाचून वाट काढतो.

वेबवरील सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत काँट्रास्टची, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातील फरकाची, मापे दिलेली आहेत आणि कागदासाठीही ती आधाराला घेता येतात. लहान अक्षरे आणि पार्श्वभूमी यांचे गुणोत्तर किमान ४.५ : १, मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ : १, आणि अर्थ समजण्यासाठी आवश्यक असलेल्या आकृतीच्या भागांसाठीही किमान ३ : १. आता हे रंग तपासून पाहा. पांढऱ्यावर शुद्ध लाल जेमतेम ४ : १ येतो, म्हणजे बारीक लाल अक्षरे निकषात बसत नाहीत. पांढऱ्यावर शुद्ध हिरवा १.४ : १ पर्यंतही पोहोचत नाही आणि पिवळा तर १.१ : १ च्याही खाली राहतो, म्हणजे तो जवळजवळ नसल्यासारखाच. पाण्यासाठी सर्रास वापरली जाणारी फिकट आकाशी छटाही पांढऱ्या कागदावर अशीच विरून जाते.

माझी सूचना अशी: भरलेला भाग गडद निळा, रिकामा भाग पांढरा पण गडद कडेने आखलेला. एवढे दोनच रंग. काळ्या-पांढऱ्या प्रतीतही हा भेद शाबूत राहतो. मग खालची सूचीही लागत नाही, कारण तलावाचे नाव, टक्केवारी आणि लिटर हे सारे स्तंभाशेजारीच लिहिता येते, आणि वाचकाची नजर सूचीकडे जाऊन परत चित्राकडे येण्याचे श्रम वाचतात. छपाईआधी फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये जाऊन पडदा करड्या छटांवर आणा आणि चित्र पाहा. तिथे जे हरवेल ते झेरॉक्समध्येही हरवणार.

अक्षरांकडे थोडे अधिक लक्ष द्या, कारण देवनागरीच्या गरजा रोमन अक्षरांहून वेगळ्या आहेत. अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय येत असल्याने दोन ओळींत जास्त अंतर लागते. इंग्रजीसाठी नेमलेले अंतर तसेच ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. अक्षरांमधले अंतर वाढवण्याचा मोह टाळा, शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरतो. फार बारीक वजनाचा (वजन म्हणजे अक्षराच्या रेषांची जाडी) फॉन्ट झेरॉक्समध्ये तुटतो, फार जाड वजनात 'ष' आणि 'प' यांच्या पोटातली जागा बुजते. मधले वजन घ्या. मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या गटाने केलेला 'मुक्त' हा फॉन्ट मोफत मिळतो, त्याला अनेक वजने आहेत आणि लहान आकारातही तो स्वच्छ राहतो. सूचनाफलकावरच्या ए-४ पानासाठी कोणताही मजकूर १८ पॉइंटपेक्षा लहान नसावा, आणि तेवढ्यात मजकूर मावत नसेल तर मजकूर कमी करावा. आकडे देवनागरीत घ्यायचे असतील तर सगळीकडे देवनागरीतच घ्या. बेस्टच्या बसवर मराठी अंक वाचायची सवय असल्याने मुंबईकरांना ते परके नाहीत, पण लहान आकारात १ आणि ९ यांची गल्लत होते, तेवढे छपाईनंतर एकदा तपासून घ्या.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीच्या दुकानांत अजूनही जुने नॉन-युनिकोड फॉन्ट वापरले जातात. त्यांनी केलेली पीडीएफ छापल्यावर सुंदर दिसते, पण तिच्यातला मजकूर कॉपी केला तर निरर्थक चिन्हे हाती येतात, आणि स्क्रीन रीडर, म्हणजे दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, तेही तीच चिन्हे वाचून दाखवते.

वस्तीमित्र_गोवंडी

थेंबांच्या बाजूने मला थोडे बोलायचे आहे. मी वस्त्यांमध्ये आरोग्यविषयक माहितीपत्रके घेऊन जातो. ज्यांना वाचनाची सवय कमी आहे त्यांच्यापर्यंत स्तंभालेख आपोआप पोहोचतो, हे मला मान्य नाही. लांबी म्हणजे प्रमाण, हा संकेत शाळेत शिकावा लागतो. चित्र ओळखीचे असेल तर माणूस निदान थांबतो तरी.

यावर जुना आणि कसाला उतरलेला मार्ग आहे. व्हिएन्नामध्ये १९२५ साली सुरू झालेल्या संग्रहालयात ओटो नॉयराथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य कामगारांना आकडेवारी समजावी म्हणून जी चित्रपद्धती घडवली, तिचा मूळ नियम असा होता की मोठी संख्या दाखवण्यासाठी चिन्ह मोठे करायचे नाही, तेच चिन्ह अधिक वेळा काढायचे. तोच नियम इथे लावता येईल. १०,००० दशलक्ष लिटरला एक चौकोन धरला तर सगळे मिळून सुमारे १४५ चौकोन होतात. त्यांत भातसाचे ७२, अप्पर वैतरणाचे २३, मध्य वैतरणाचे १९, तानसाचे साडेचौदा, मोडक सागरचे १३, विहारचे पावणेतीन, आणि तुळशीला तर एक पूर्ण चौकोनही मिळत नाही. चौकोन मोजता येतात, त्यामुळे लांबीचा संकेत शिकलेला नसला तरी चालते. थेंबाचे चित्र शीर्षकाशेजारी एकदाच ठेवा, म्हणजे विषय पाण्याचा आहे हे लांबूनही कळेल.

दुसरे असे की पान छापण्याआधी ते ज्यांच्यासाठी आहे त्यांना दाखवा. सुरक्षारक्षकांना, घरकाम करणाऱ्या ताईंना, एखाद्या आजोबांना थोडा वेळ पाहू द्या, मग पान बाजूला ठेवा आणि विचारा की यातून काय समजले. 'समजले का?' असे विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. त्यांच्या तोंडून आलेले वाक्य तुमच्या शीर्षकाशी जुळले नाही तर बदल चित्रात करायचा आहे, त्यांना समजावून सांगण्यात वेळ घालवायचा नाही.

श्राव्य_वाचक

मी दृष्टिहीन आहे आणि फोनवर टॉकबॅक व संगणकावर एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर वापरतो, म्हणून चौथ्या प्रश्नाविषयी सविस्तर लिहितो.

व्हॉट्सॲप गटावर आलेल्या चित्राविषयी स्क्रीन रीडर मला बहुतेक वेळा फक्त 'फोटो' एवढेच सांगतो. चित्रातली अक्षरे ही त्याच्या दृष्टीने अक्षरे नसतात. त्यामुळे चित्रात कितीही उत्तम मराठी लिहिलेले असले तरी सोबतच्या मजकुरात ते नसेल तर माझ्यापर्यंत काहीच येत नाही. मजकूर चित्राच्याच खाली, त्याच संदेशात द्यावा. वेगळा संदेश पाठवला तर चित्र पुढे ढकलताना तो मागे राहतो.

हा मजकूर लिहिताना बहुतेक जण चित्राचे वर्णन करतात: 'निळ्या रंगाचे सात स्तंभ, वर डाव्या कोपऱ्यात थेंब.' मला स्तंभांचा रंग नको आहे, त्यांनी सांगितलेली गोष्ट हवी आहे. आधी तारीख, मग निष्कर्षाचे एक वाक्य, मग आकडे, आणि आकडे चित्रात ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने. प्रत्येक तलाव स्वतंत्र ओळीवर घ्या, म्हणजे मला एकेक ओळ थांबून ऐकता येते. मोकळ्या जागा सोडून तक्त्यासारखी मांडणी केली तर ऐकताना कोणता आकडा कोणाचा हे कळत नाही. नमुना म्हणून असे लिहिता येईल (यातली तारीख आणि टक्के केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत):

५ जुलै, सकाळी ६ वाजताची स्थिती.
शहरातले विहार आणि तुळशी भरले आहेत, पण सात तलावांत मिळून ३२ टक्क्यांहून कमी पाणी आहे, कारण मोठे पाच तलाव अजून ३० टक्क्यांवर आहेत.
भातसा: ३० टक्के. सातही तलावांपैकी जवळजवळ निम्मी क्षमता याच तलावाची.
अप्पर वैतरणा: ३० टक्के.

याप्रमाणे पुढचे तलाव. 'द.ल.लि.' असे संक्षेप टाळा, ते तुटक अक्षरे म्हणून वाचले जातात. 'दशलक्ष लिटर' असे पूर्ण लिहा. ओळीच्या सुरुवातीला थेंबांच्या इमोजींची रांग लावली तर प्रत्येक इमोजीचे नाव मोठ्याने ऐकावे लागते आणि मुख्य वाक्यापर्यंत पोहोचेस्तोवर लक्ष उडते.

हा मजकूर दृष्टिहीनांपुरताच उपयोगाचा आहे असे समजू नका. ज्यांच्या फोनवर चित्र आपोआप उतरत नाही, जे अक्षरे मोठी करून वाचतात, जे घरातल्या आजींना वाचून दाखवतात, त्या सर्वांना तोच लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुलभ स्वरूपात उपलब्ध व्हावा यासाठी उपाय करणे ही शासनाची जबाबदारी आहे. एखादा रहिवासी महासंघ कोणी न सांगता हे आपणहून विचारतो आहे, याचे मला फार समाधान वाटले. त्या शिक्षिकेला मजकूर पाठवण्याआधी एकदा अवश्य ऐकवा, त्या माझ्याहून अचूक सूचना करतील.

मृणाल_भांडुप

सर्वांचे मनःपूर्वक आभार. थेंब शीर्षकापुरता ठेवते आणि रंग दोनच घेते. सोबतचा मजकूर आधी लिहून मगच चित्र करायचे असे ठरवले आहे, कारण नमुन्यातले ते एक वाक्य लिहिताना काय दाखवायचे हे आपोआप स्पष्ट झाले. दोन शंका उरल्या आहेत. स्तंभ घ्यावेत की चौकोन? आणि साठ्याचे आकडे रोज बदलतात, तर सूचनाफलकावरचे पान शिळे होऊ नये म्हणून काय करावे?

आलेख_दादर

दोन्ही शंकांना एकच उत्तर आहे. तलावांची क्षमता बदलत नाही, रोज बदलतो तो साठा. म्हणून सूचनाफलकासाठी वस्तीमित्रांनी सुचवलेले चौकोन रिकामे छापून घ्या, झेरॉक्सवरच. महापालिकेच्या जल अभियंता खात्याचे सकाळी ६ वाजताचे आकडे आले की आठवड्यातून एकदा कोणीतरी जाड निळ्या पेनाने तितके चौकोन भरावेत आणि वरच्या ठळक चौकटीत दिनांक लिहावा. पाऊस चालू असताना साठा वाढतच जातो, त्यामुळे आधी भरलेले चौकोन पुसावे लागत नाहीत. ऑक्टोबरपासून साठा उतरू लागला की दुसरे कोरे पान लावून त्यावर उरलेले चौकोन दाखवावेत. शहराचा रोजचा पुरवठा चार हजार दशलक्ष लिटरच्या थोडा खालीच असतो, म्हणजे एक चौकोन साधारण अडीच दिवस पुरतो. हे वाक्य चौकोनांखाली मोठ्या अक्षरांत जरूर लिहा.

व्हॉट्सॲपसाठी मात्र स्तंभ घ्या, कारण फोनच्या सहा-सात सेंटिमीटर रुंदीत १४५ चौकोन मोजता येणार नाहीत. त्या चित्रावर दिनांक वर्षासह आणि शीर्षकाइतक्याच ठळक अक्षरांत टाका. पुढे ढकललेले चित्र महिनोन्‌महिने फिरत राहते, आणि गेल्या वर्षीचा भरलेला भातसा या वर्षीच्या जुलैत कोणाच्या तरी फोनवर पोहोचतोच.